गाडीखालून : ठीक

मी लोकांच्या वतीने घाबरतो आणि त्याची फी घेतो. जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस प्रेमात पडलेला असतो. रंग मनात भरलेला असतो, बायकोने मागच्या सीटवर बसून बघितलेलं असतं, पोराने चार वेळा हॉर्न वाजवलेला असतो. अशा माणसाला गाडीतलं वाईट दिसत नाही आणि दाखवलं तरी पटत नाही. मग त्याचा एखादा शहाणा मेव्हणा त्याला माझा नंबर देतो. मी जातो, तास-दीड तास गाडीभोवती आणि गाडीखाली फिरतो, आणि त्याच्या वाटणीचं सगळं भिऊन घेतो.

माझं नाव गमरे. गाव मंडणगड तालुक्यात, घर पनवेलजवळ करंजाड्याला. पस्तीस वर्षं गॅरेजमध्ये गाड्यांखाली पाठीवर पडून काढली. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा गॅरेज सोडलं आणि हे तपासायचं काम धरलं. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. आमच्या सुनंदाबाई म्हणतात की या कामासाठी मला काही शिकावं लागलं नाही, कारण मी मुळातच भित्रा. लग्नानंतर पहिल्यांदा गावी निघालो तेव्हा मी एसटीच्या ड्रायव्हरला खाली उतरवून टायर बघायला लावले होते, ही गोष्ट त्या अजून पाहुण्यांना सांगतात. गोष्ट खरी आहे. टायर गुळगुळीत होते.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, वाचकांना उपयोगी पडेल असं लिहा. तेव्हा आधी उपयोगाचं लिहितो. मला जे लिहायचंय ते त्याच्यानंतर.

जुनी गाडी बघायला सकाळी जावं, इंजिन थंड असताना. तुम्ही पोचायच्या आधीच विकणाऱ्याने गाडी चालू करून ठेवली असेल तर मनात एक खूण करावी. गरम इंजिन पहिला धूर लपवतं, पहिली खडखड लपवतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल. गाडी चार वर्षांची आणि टायर सात वर्षांचे असतील तर ते कुठून आले हे विचारा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण ब्रेकच्या पेडलवरचं रबर मागे फिरवता येत नाही. ते झिजून गुळगुळीत झालं असेल आणि समोर आकडा वीस हजारांचा असेल, तर आकडा खोटं बोलतोय. बॉनेटच्या आणि दरवाजांच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल तर तिथे पाना लागलाय, आणि पाना उगाच लागत नाही.

आणि सीटबेल्ट. सीटबेल्ट नुसता लावून बघू नका, शेवटापर्यंत ओढून काढा. आमच्याच करंजाड्यातल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंनी मला एका डीलरकडे नेलं होतं. गाडी लखलखीत, आत अत्तराचा असा घमघमाट की मला शिंका यायला लागल्या. इतकं अत्तर मारलेलं असलं की मी आधी पट्टा ओढतो. ओढला. शेवटची वीतभर पट्टी तपकिरी निघाली, आणि बोटाने खरवडली तर सुकलेला गाळ हातात आला. म्हणजे ही गाडी बुडाली होती, आणि पाणी कुठवर चढलं होतं तेही पट्ट्याने सांगून टाकलं. बुडालेली गाडी लगेच बंद पडत नाही. वायरींच्या जोडांत पाणी बसून राहतं, आणि सहा महिन्यांनी हायवेवर, ट्रकच्या पुढे, स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड होतं. बाई म्हणाल्या, पण काका, एसी किती छान आहे हिचा. तरी त्यांनी ऐकलं आणि गाडी सोडली.

दोन महिन्यांनी तीच गाडी मला पनवेलच्या पुलाखाली दिसली. दुसऱ्याच कुणीतरी घेतली होती. मागच्या खिडकीतून एक पोरगं डोकं बाहेर काढून आंब्याचा बाठा चोखत होतं. सिग्नल सुटला आणि गाडी गेली. मी नापास केलेली गाडी माझ्या माणसापासून दूर जाते, एवढंच. रस्त्यावरून नाहीशी होत नाही. हे कळल्यापासून मला रस्ताच भीतीदायक वाटायला लागला आहे.

कधी कधी विकणाऱ्यालाच माहीत नसतं. एअरबॅगचा दिवा चावी फिरवली की लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. विझला म्हणजे सगळं ठीक. नेरुळच्या एका घरी तो दिवा बरोबर इंजिन ऑईलच्या दिव्यासोबत विझत होता. दोन वेळा, तीन वेळा, अगदी त्याच क्षणी. असं होत नसतं. दोन्ही दिव्यांच्या वायरी एकत्र बांधल्या होत्या. परवानगी घेऊन स्टिअरिंग उघडलं. जिथे एअरबॅग हवी तिथे वाजू नये म्हणून एक जुना बनियन कोंबून ठेवला होता. गाडी विकणाऱ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ती दोन मालकांनंतर घेतली होती आणि तीन वर्षं रोज मुलीला शाळेत सोडलं होतं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी पाणी मागितलं, त्यांच्यासाठी.

हसण्यासारखंही होतं अधूनमधून. एका गृहस्थांनी मला स्वतःचीच गाडी नापास करायला बोलावलं होतं. मुलाने गाडी विकायचा घाट घातला होता, आणि यांना ती सोडवत नव्हती. कानाशी येऊन म्हणाले, भरपूर दोष लिहा हो, गिऱ्हाईक पळालं पाहिजे. गाडी बघितली तर सोन्यासारखी ठेवलेली. मी म्हटलं, खोटं लिहिणार नाही. त्यांनी मला चहा दिला आणि मग तासभर ती गाडी किती वाईट आहे हे मलाच पटवून दिलं.

आता माझा कागद समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी एक छापील कागद वापरतो. त्याच्यावर बेचाळीस ओळी आहेत, प्रत्येकीसमोर ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ लिहायचं. शेवटच्या दोन ओळी ‘गाडीखालून’ आणि ‘चालवून’. या दोन ओळींशिवाय बाकीच्या चाळीस म्हणजे नुसती केशभूषा. गाडी उचलायची, खाली शिरायचं, बॅटरीच्या उजेडात लोखंड बघायचं. आपल्याकडे खाडीची हवा खारी. वरून चकाचक असलेली गाडी खालून बुरशी आलेल्या भाकरीसारखी निघते. आणि खाली गेल्याशिवाय ब्रेकचे पाइप दिसत नाहीत.

ब्रेक म्हणजे काय, तर तुम्ही पेडल दाबता, त्याने तेल ढकललं जातं, आणि ते तेल बोरूएवढ्या बारीक लोखंडी पाइपांतून चाकांपर्यंत जाऊन चाकं आवळतं. पाइप गंजला तर आधी पाझरतो. थेंब थेंब. पेडल पायाला कडकच लागतं, कुणाला काही कळत नाही. मग एक दिवस माणूस घाबरून जोरात दाबतो, आणि नेमका त्या दिवशी पाइप फुटतो. तेलाच्या दोन वाटा असतात, त्यामुळे एक गेली तरी अर्धे ब्रेक उरतात, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. घाटात, भरलेल्या गाडीत, अर्धे ब्रेक म्हणजे काय हे पुस्तक लिहिणाऱ्याने कधी बघितलं नसावं.

गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, मी घणसोली गावात हरेशकडे गेलो. हरेश आगरी घरातला, जासईच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर. बायको प्रणाली, सहा वर्षांची मुलगी स्वरा, आणि आई. आईला सगळी आळी ‘बाय’ म्हणते. पूर्वी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ही बाई ठाण्यापर्यंत जायची. आता सत्तरी उलटली तरी आवाज बाजारातलाच. हरेशने सात वर्षांची एक करड्या रंगाची छोटी गाडी ठरवली होती. विकणारा खाडीकडेच्या एका बिल्डिंगमध्ये राहायचा आणि गाडी तिथे उघड्यावर उभी असायची. त्याने सकाळीच गाडी आणून दिली होती, आणि बाकीचा व्यवहार मी बघितल्यानंतर व्हायचा होता. मला नऊची वेळ दिलेली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकून मी पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते.

तोवर पूजा उरकली होती. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, समोर झेंडूचा हार, ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाशी फोडलेला नारळ, आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू. डावी बाजू भिंतीला चिकटलेली, कारण गल्लीच तेवढी. जॅक लावायचा तर गाडी दोन हात पुढे घेणं भाग होतं. मी तसं म्हटलं. बाय म्हणाली, “ही गारी आता आईच्या वाटंलाच फिरंल. तवर नको हलवूस रे बाबा.”

आई म्हणजे कार्ल्याची एकवीरा. नवी गाडी, मग ती जुनी का असेना, पहिली आईच्या पायाशी न्यायची, हा त्यांचा रिवाज. हरेशने गाडी चालवून लिंबं चिरडायची आणि तसंच निघायचं. सगळे कपडे करून तयार होते.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घरात देव नाहीत, बुद्धाची तसबीर आहे. लिंबू-मिरची मी मानत नाही, माझ्या वडिलांनीही मानली नाही. पूर्वी मी खुशाल सांगायचो, बाजूला घ्या ते, मला काम करू द्या. पण दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीत मी बॉनेट उघडायला वरचा नारळ उचलून बाजूला ठेवला, तेव्हा तिथल्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, “राहू द्या काका, तुमच्यात नसतं ना, तुम्हाला नाही कळायचं.” भांडण असतं तर भांडलो असतो. गोडपणाला उत्तर सापडलं नाही. त्या दिवसापासून पूजेच्या गाडीजवळ गेलो की माझे हात आखडायला लागले. हा दोष कुठल्याच छापील कागदावर नाही.

तर घणसोलीत मी गप्प बसलो. बायने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला होता, तो खाल्ला. मग हलवल्याशिवाय जे बघता येतं ते बघितलं. इंजिन, बोल्ट, टायर, दिवे, पट्टे. ब्रेक ऑईलच्या टाकीत तेल अगदी नवं, स्वच्छ, काठोकाठ होतं, आणि विकणारा माणूस नीटनेटका दिसतो म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. पेडल दाबून बघितलं, कडक होतं. डाव्या मागच्या चाकाकडे भिंतीच्या फटीतून कसाबसा वाकलो आणि आतल्या बाजूला हात फिरवला. हाताला ओलं लागलं. नारळाचं पाणी, मी मनात म्हटलं, आणि हात रुमालाला पुसला.

मग कागद भरला. ‘चालवून’ ही ओळ रिकामी सोडली. ‘गाडीखालून’ हीदेखील रिकामी सोडायची होती. पण स्वरा खिडकीतून बघत होती, प्रणाली आरतीचं ताट घेऊन उभी होती, हरेश विचारत होता, झालं ना काका? मी लिहिलं, ठीक. लिंबं चिरडत गाडी गल्लीतून बाहेर पडली, आणि सगळ्यांबरोबर मीही हात हलवला.

पनवेलला एक काम उरकून मी एकच्या सुमाराला घरी पोचलो. जेवायला बसणार, एवढ्यात मोरीतून सुनंदाबाईंचा आवाज आला. रुमालाला कसला वास येतोय, आणि हा बुळबुळीत का लागतोय? मी रुमाल घेतला आणि नाकाला लावला. पस्तीस वर्षं जो वास अंगाला घेऊन घरी आलो, तो ओळखायला मला किती वेळ लागणार? ब्रेक ऑईल. आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे ती गल्ली आली. नारळ फोडला होता उजव्या बाजूला, पुढच्या चाकाशी. माझा हात ओला झाला डाव्या बाजूला, मागच्या चाकाशी. मधली सगळी फरशी कोरडी होती. टाकीतलं तेल नवं होतं, कारण जुनं गळून गेलं होतं आणि कुणीतरी त्याच सकाळी टाकी भरली होती.

हरेशला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा सुनंदाबाई मोरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी थोडक्यात सांगितलं.

“तुम्ही खाली बघितलं होतं ना?” त्यांनी विचारलं.

मी गाडीची चावी शोधायला लागलो. चावी टीव्हीवर होती, ती त्यांनीच हातात दिली.

कार्ल्याच्या वाटेवर घाट आहे, आणि घाट चढताना ब्रेकचं काम फारसं नसतं. उतरतानाच असतं. एवढाच धागा धरून मी निघालो. ते वर चढले असतील, पायऱ्या चढून दर्शन घेतील, रांग असेल, जेवतील. उतरायला लागायच्या आधी मी पोचलो पाहिजे. एका हाताने फोन लावत होतो, जे मी कुणालाही करू देत नाही. नुसती रिंग जात होती. फोन गाडीत ठेवून वर गेले असतील, असं स्वतःला समजावलं. पण फोन वाजतोय आणि उचलायला कुणी नाही, याचा दुसराही एक अर्थ होतो, आणि पनवेलपासून खालापूरपर्यंत मी त्याच अर्थाबरोबर प्रवास केला.

घाटात मी समोरून उतरणाऱ्या गाड्या बघत होतो. दसऱ्यानंतरचे दिवस, त्यामुळे दर दहाव्या गाडीला हार. करड्या रंगाची गाडी दिसली की मी तिचा नंबर वाचायला बघायचो. दुसराच निघाला की पुढची करडी गाडी शोधायचो. एका वळणावर उतरणीकडची सगळी वाहतूक तुंबलेली दिसली. लोक गाड्यांतून उतरून पुढे चालत होते. मी भीती विकून पोट भरतो, पण त्या क्षणी माझाच पाय आपोआप ब्रेकवर गेला. पुढे गेल्यावर दिसलं, एक टँकर बंद पडला होता. फक्त बंद पडला होता. मी मोठ्याने रडलो असं म्हणत नाही, पण काचेतून समोरचं दिसेना म्हणून डोळे पुसावे लागले.

कार्ल्याला पायथ्याच्या पार्किंगमध्ये गाड्या दाटीवाटीने लागल्या होत्या. दोनदा पुढून गेलो तरी सापडली नाही. तिसऱ्या रांगेत, चिंचेच्या झाडाखाली झेंडूचा हार दिसला. मी पळत जाऊन मागच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकले. धुळीत भाकरीएवढा काळा ओला डाग होता. सकाळी नव्हता, किंवा असला तरी मी बघितला नव्हता.

मी माझी गाडी आणून त्या गाडीला आडवी लावली आणि उतरून मध्ये उभा राहिलो. पार्किंगवाला ओरडत आला, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. मी म्हटलं, या गाडीचे ब्रेक गेलेत, काय करायचं ते करा, मी हलत नाही. माझ्या तोंडून इतक्या ठामपणे निघालेलं त्या दिवसातलं हे पहिलं वाक्य. पाच तास उशिरा निघालं.

ते आले तेव्हा स्वराच्या हातात पिपाणी होती आणि हरेशच्या कपाळावर भंडारा. मला बघून तो हसला. काका, तुम्ही पण दर्शनाला? मी चावी मागितली. गाडीत बसलो, सुरू केली आणि सगळा जोर लावून पेडल दाबलं. कडक लागलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा पायाखालून काहीतरी सुटलं आणि पेडल खाली गेलं. मी उतरलो. मागच्या चाकाशी तेलाचा ओघळ आला होता आणि तो उताराने पुढे चालला होता. हरेश वाकून बघत राहिला. प्रणालीने स्वराला उचलून कडेवर घेतलं, सहा वर्षांची मुलगी, आणि ती गाडीपासून चांगली दहा पावलं मागे गेली.

बाय एका दगडावर बसली होती. चढण्याउतरण्याने दमली होती. तिने मला हाताने जवळ बोलावलं.

“सकाली नय दिसला तुला?”

मला सोपं उत्तर देता आलं असतं. गल्ली अरुंद होती, हे खरंच होतं. पण मी सगळं सांगितलं. लिंबं होती म्हणून गाडी हलवली नाही, ती सोसायटीतली बाई, आमच्या घरात देव नाहीत ते, हाताला लागलेलं ओलं, आणि न बघता लिहिलेलं ‘ठीक’.

बायने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, “मना भ्यालास?”

मी म्हटलं, हो.

“आनि अजून कुनाकुनाला भ्यालास असा?”

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरीच विचारत होती ती, गिऱ्हाइकाने भाव विचारावा तसं. मी फोन काढून टोइंगवाल्याला बोलावलं. ती गाडी टोइंगवाल्याच्या स्वाधीन केली आणि चौघांना माझ्या गाडीतून खाली आणलं. बाय पुढे बसली होती. अख्खा घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरलो. प्रत्येक वळणावर ती माझ्या उजव्या पायाकडे बघत होती. मीही तेच करत होतो.

पुढे हरेशने गाडी परत केली आणि विकणाऱ्यानेही फारशी खळखळ केली नाही. खालच्या लोखंडावर त्याने आदल्याच आठवड्यात काळा रंग मारून घेतला होता, हे नंतर कळलं. त्याच्यावर मी खूप चिडलो. पण रंगाखालचा गंज शोधण्यासाठीच मला बोलावलं होतं, तेव्हा त्या चिडण्याला फारसा अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊ वर्षांचे कागद काढले. कार्बनच्या प्रती मी जपून ठेवतो. एकेक कागद हातात घेऊन ‘गाडीखालून’ या ओळीसमोर थांबायचो आणि आठवायचो, इथे मी खरंच खाली गेलो होतो का? बहुतेक ठिकाणी गेलो होतो. हरेशची गाडी सोडून अकरा ठिकाणी गेलो नव्हतो. कुठे पूजा झालेली होती, कुठे गिऱ्हाईक मोठा अधिकारी होता आणि घड्याळ बघत होता, कुठे विकणारा आमच्याच गावाकडचा होता. अकराही कागदांवर माझ्याच अक्षरात ‘ठीक’ लिहिलेलं.

मी फोन करायला बसलो. काय सांगायचं ते आधी पाठ केलं होतं. दोघांनी शिव्या दिल्या, एकाने फीचं काय म्हणून विचारलं, एका बाईंनी गाडी कधीच विकली होती, त्यांच्याकडून पुढच्या मालकाचा नंबर घेतला. महिन्याभरात मी दहा गाड्या फुकटात उचलून, खाली शिरून बघितल्या. दोन गाड्यांचे पाइप बदलायला लावले. त्यातला एक बोटाने दाबल्यावर तुटला.

अकराव्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर आता भलत्याच माणसाकडे आहे. तो परप्रांतात राहतो आणि माझ्या फोनला कंटाळला आहे. पत्ता कागदावर नाही, नुसतं ‘जासई’ लिहिलंय. मी जासईला चार वेळा जाऊन आलो. यार्डात विचारलं, दुकानांत विचारलं. भाडेकरू होते, गेले, एवढंच कळलं.

म्हणून हे लिहितो आहे. वरचं टायरचं आणि पट्ट्यांचं सगळ्यांच्या उपयोगी पडो, पण हा लेख एका माणसासाठी आहे. दादा, तुम्ही अडीच-तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी एक पांढरी छोटी गाडी घेतलीत. समोरच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात खरवडून काढलेल्या स्टिकरचा गोल डाग आहे. तुमच्या बायकोला सातवा महिना होता, हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, आणि मी पोचलो तेव्हा त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांना उठवू नका असं तुमच्या आईंनी सांगितलं. मी उठवलं नाही. गाडी उचलली नाही. कागदावर ‘ठीक’ लिहिलं ते न बघता लिहिलं.

तुमचं मूल आता दोन-अडीच वर्षांचं असेल. गाडी अजून तुमच्याकडे असेल तर आज ती सुरू करण्याआधी खाली वाका आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूने हात फिरवा. ओलं लागलं तर चावी खिशात घाला आणि मेकॅनिकला घरी बोलवा. मला फोन करण्यात वेळ घालवू नका. शिव्या नंतर सावकाश द्या. पण कोरडं लागलं, तर मात्र मला एकदा कळवा.